ऐरोलीकर, इंजिनाआधी ब्रेक आणि टायर का, ते सांगतो

सहा तासांच्या शर्यतीसाठी जुनी हॅचबॅक तयार करण्यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर 'ऐरोलीकर' या नावाने आलेली प्रतिक्रिया थोडी कापून इथे देतो:

"इंजिनाला हात न लावता निम्मे पैसे टायर-ब्रेकवर घालायचे, हा सल्ला श्रीमंतांच्या पोरांना ठीक आहे. मी अकरा वर्षं दुकानातल्या साध्या पॅडवर ऐरोली ते कोल्हापूर जातोय. सहा-सात तास गाडी चालते, ब्रेकने कधी दगा दिला नाही. तुम्ही म्हणता ते दोनशे ट्रेडवेअरचे टायर आपल्या मापात मिळतात तरी का? आणि तुमचं वाचून माझा भाचा कॉलेजला न्यायच्या गाडीसाठी रेसिंगचे पॅड मागवतोय. पाम बीच रोडवर रात्री काय चालतं ते तुम्हाला ठाऊक नाही का?"

ऐरोलीकर, नमस्कार.

भाच्याचं आधी. पॅड अजून यायचे असतील तर ऑर्डर रद्द करायला लावा. आले असतील तर बसवू देऊ नका. कारण शेवटी लिहिलंय, पण तिथपर्यंत वाचत बसू नका, आधी त्याला फोन करा.

आता कोल्हापूर. अकरा वर्षं बिनघोर गेलात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मीही ठाण्याहून त्याच रस्त्याने सासुरवाडीला साताऱ्यापर्यंत जातो आणि माझ्या घरच्या गाडीला साधेच पॅड आहेत. (चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी म्हणजे डिस्क; तिला दोन्हीकडून दाबून गाडी थांबवतात ते पॅड.) पण त्या सहा-सात तासांत ब्रेक प्रत्यक्ष किती वेळ काम करतात? बोरघाट, खंबाटकी, टोलनाके, पुण्याबाहेरची गर्दी. खरोखर जोरात पाय मारावा लागला असे प्रसंग बोटांवर मोजता येतात आणि दोन प्रसंगांच्या मध्ये डिस्कला निवायला कित्येक किलोमीटर मिळतात. गाडी सहा तास चालली, ब्रेक सहा तास तापले नाहीत.

चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. आमच्यासारख्या गाडीला एका फेरीला सव्वादोन मिनिटं धरा आणि फेरीत चार ठिकाणी कडक ब्रेक धरा. पेट्रोल भरणं, चालक बदलणं यात जाणारा वेळ वजा करून सहा तासांत दीडशे फेऱ्या होतात. म्हणजे सहाशे वेळा पूर्ण जोराने ब्रेक, साधारण दर अर्ध्या मिनिटाला एकदा.

त्यातल्या एकाच ब्रेकचा हिशोब मांडू. चालकासकट गाडी हजार किलो, वेग १४० वरून ७० वर आणायचा. यात सुमारे ५६७ किलोज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. थोडी हवा आणि इंजिन खातं, बाकीची उष्णता होऊन डिस्कमध्ये शिरते. जवळपास दोन लिटर पाणी उकळायला लागते तेवढी ही उष्णता. घरी गॅसवर त्याला दहाएक मिनिटं लागतात, इथे अडीच-तीन सेकंद. ब्रेकचा सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर येतो असं धरलं, तर पुढच्या एकेका डिस्कच्या वाट्याला दोनशे किलोज्यूलच्या आसपास येतात. चार किलोची बिडाची डिस्क तेवढ्याने एका दमात शंभरेक अंशांनी चढते. पुढचं वळण येईपर्यंत ती पूर्ण निवत नाही, त्यावर पुढचा ब्रेक बसतो. काही फेऱ्यांत ती चारशे-पाचशे अंशांवर जाऊन बसते. रस्त्यासाठी बनवलेला पॅड साडेतीनशेच्या पुढेमागे हात टेकायला लागतो. त्यातली राळ जळून वायू सुटतो, पॅड गुळगुळीत होतो, पेडल पायाला कडक लागतं आणि तरी गाडी थांबत नाही. कसाऱ्याच्या घाटात जुने ट्रकवाले क्लीनरला 'गिअरमध्येच उतरव' म्हणून शिकवतात ते याच कारणाने. ट्रॅकवर मात्र ब्रेक वाचवून चालवणारा मागे पडतो, म्हणून ती उष्णता पेलणारा पॅड आधी निवडावा लागतो.

यात इंजिनाचा संबंध कुठे येतो, तेही बघा. समजा आम्ही आधी इंजिनाकडे वळलो, रीमॅप केला (इंजिनाच्या संगणकातलं सेटिंग बदललं), एक्झॉस्ट मोकळा केला आणि सरळ पट्टीच्या शेवटी गाडी १४० ऐवजी १५० ला पोचली. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पुन्हा ७० वर यायचं तर दर ब्रेकला उष्णता सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. दहा किलोमीटरचा वेग विकत घेतला आणि आधीच दमलेल्या पॅडवर वीस टक्के ओझं टाकलं. म्हणून आमच्या गाळ्यात इंजिनाचं काम शेवटी. ते कमी महत्त्वाचं आहे म्हणून नाही, तर ब्रेक त्याला पेलतील हे आधी पाहावं लागतं म्हणून.

'उगाच बाऊ' म्हणाल, म्हणून आमच्यावर गुदरलेलं सांगतो. पहिल्या वर्षी सरावाला गेलो होतो. अकराव्या फेरीत पट्टीच्या शेवटी मी पाय दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं. पॅड दमला तर पेडल कडक राहतं. ते मऊ होऊन खाली गेलं, याचा अर्थ कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं, ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ झाली होती. द्रव दाबला की जोर पुढे पोचतो, वाफ दाबली तर नुसती दबते. दोनदा पेडल पंप केलं, गिअर उतरवले, गाडी ट्रॅकबाहेर मोकळ्या मातीत नेऊन थांबवली. पुढे कुणी नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण शोधल्यावर लाज वाटली. ब्रेक ऑइलचा डबा मी जूनमध्ये फोडला होता, उरलेलं वागळे इस्टेटच्या गाळ्यात फळीवर ठेवलं होतं आणि ऑगस्टमध्ये तेच भरलं. ठाण्यातला पावसाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. आणि हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचा धर्मच तो. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलला कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत न उकळण्याची अट आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की अट १५५ वर येते. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४०. चारशे अंशांच्या डिस्कशेजारी असलेल्या कॅलिपरमध्ये १५५ म्हणजे काहीच नाही. आता आम्ही शर्यतीसाठी बनवलेलं, ३०० अंशांच्या वर उकळणारं ऑइल वापरतो. अर्ध्या लिटरच्या सीलबंद बाटल्या घेतो, लागेल त्याच दिवशी फोडतो, उरलं तर टाकून देतो. प्रत्येक वेळी ट्रॅकवर उतरण्याआधी चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढतो. गाडीवरच्या सगळ्या खर्चांत हा सगळ्यात स्वस्त आहे आणि तोच चुकला तर बाकीचे सगळे वाया.

ब्रेकच्या जोरावर लांब शर्यत जिंकता येते, याचा मोठा दाखला फ्रान्समधल्या १९५३ सालच्या ल मान्स शर्यतीचा आहे. चोवीस तासांच्या त्या शर्यतीत जग्वारने आपल्या सी-टाइप गाड्यांना डनलपचे डिस्क ब्रेक बसवले होते. समोर ताकदवान गाड्या होत्या, पण ड्रम ब्रेकवाल्या, म्हणजे बंद डब्यासारख्या, लवकर तापून दमणाऱ्या ब्रेकच्या. लांबलचक पट्टीच्या शेवटी ड्रमवाल्यांना आधीच पाय दाबावा लागे. जग्वारचे चालक उशिरा दाबत आणि तासन्‌तास तसंच दाबू शकत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी ती शर्यत जिंकली आणि तिथे पहिल्यांदाच चोवीस तासांची सरासरी ताशी शंभर मैलांच्या वर गेली. आज तुमच्या-माझ्या गाडीला पुढे डिस्क आहे, त्यामागे हीदेखील एक गोष्ट आहे.

आणि श्रीमंतांचा सल्ला म्हणालात ना? अमेरिकेत २००६ पासून 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स' नावाच्या हौशी शर्यती होतात. भंगारात निघायच्या लायकीच्या गाड्या, गाडीचा खर्च पाचशे डॉलरच्या आत. मात्र ब्रेक, चाकं, टायर आणि सुरक्षेचं सामान त्या पाचशेत धरत नाहीत, त्यावर हवा तितका खर्च करा म्हणतात. गरिबांची शर्यत भरवणाऱ्यांनी सूट कशाला दिली ते बघा. आमच्या चौघांतही कुणी बिल्डर नाही. एक जण महापे एमआयडीसीत शिफ्टला जातो, एकाचं कोलशेतला कुरिअरचं छोटं काम आहे. हात आखडता म्हणूनच पैसे कुठे घालायचे याचा एवढा काथ्याकूट करतो.

टायरबाबत मात्र तुम्ही मला पकडलंत आणि बरोबर पकडलंत. 'दोनशे ट्रेडवेअर घ्या' असं मी एका ओळीत ठोकून दिलं होतं. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकतो याचा आकडा, कमी असेल तितका टायर सहसा मऊ. तो अमेरिकी नियमातला. टेक्सासमधल्या ठरावीक रस्त्यांवर ७,२०० मैल, म्हणजे साधारण साडेअकरा हजार किलोमीटर, टायर पळवतात आणि झीज एका मानक टायरशी ताडतात. मानक १००, त्याच्या दुप्पट टिकेल तो २००. पण आकडा ज्याची त्याची कंपनी स्वतःच ठरवून छापते. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० सारखे नसतात. शिवाय २०२० च्या जूनमध्ये सरकारने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. चौदा-पंधरा इंची चाकांना मऊ टायर शोधणं आधीच जिकिरीचं होतं, ते आणखी अवघड झालं. हे सगळं मी लिहायला हवं होतं.

मग काय घ्यावं? पहिल्या वर्षाला चांगल्या कंपनीचे रस्त्यावरचे टायर, चारही एकाच नक्षीचे, एकाच वेळी घेतलेले. टायरवर छापलेलं वेगमर्यादेचं अक्षर निदान एच, म्हणजे २१० किलोमीटरचं. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्यावर नवी नक्षी चढवलेला, टायर फुकट मिळाला तरी नको. कडेवरच्या तारखेचे शेवटचे चार आकडे वाचा: १४२३ असेल तर तो २०२३ च्या चौदाव्या आठवड्यातला. मऊ टायर एका फेरीत वेगवान असेल, पण तो चौथ्या तासाला पूर्ण झिजून उघडा पडला तर बदलायला गेलेला वेळ मिळवलेल्या सगळ्या सेकंदांना गिळतो. आणखी एक, जे मला उशिरा कळलं: कोरा, पूर्ण नक्षीचा टायर कोरड्या ट्रॅकवर चांगला नसतो. उंच नक्षीचे ठोकळे वळणात लवतात, तापतात आणि त्यांचे तुकडे उडतात. आम्ही अर्धे झिजलेले टायर शर्यतीसाठी राखून ठेवतो, कोरे सरावात झिजवतो. पाऊस पडला तर उलट, तेव्हा कोरी नक्षीच पाणी काढते.

हवेचं तर टायरवाल्यांशी रोजचं भांडण. सकाळी ३० अंशांना २८ पीएसआय भरली आणि आतली हवा ७० अंशांवर गेली, तर काटा साडेतेहतीसच्या आसपास जातो. त्यामुळे टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच टेकतो. आम्ही थंड असताना कमी भरतो, पाच-सहा फेऱ्या मारून आलो की लगेच मोजतो आणि टायरच्या आतल्या, मधल्या, बाहेरच्या पट्ट्याचं तापमान वहीत लिहितो. मधला जास्त गरम निघाला तर हवा जास्त झाली. बाहेरचा निघाला तर चाकाचा वरून आतला कल कमी पडला. आमच्या वह्यांत याचीच पानं सगळ्यात जास्त आहेत.

आता भाचा. शर्यतीचे बरेचसे पॅड डिस्क चांगली तापली की मगच नीट पकडतात, काहींना त्यासाठी दीडशे-दोनशे अंश लागतात. ट्रॅकवर ते तापमान पहिल्या फेरीतच मिळतं. सकाळी सोसायटीतून निघून ऐरोलीच्या सिग्नलपर्यंत पोचलेल्या गाडीची डिस्क जेमतेम कोमट असते, पावसात तर ओली आणि गार. पहिल्याच जोराच्या ब्रेकला गाडी त्याला वाटेल त्यापेक्षा लांब जाऊन थांबेल, आणि त्या जादा अंतरात कुणी तरी रस्ता ओलांडत असेल. शिवाय असे पॅड डिस्क खातात आणि कर्कश आवाज करतात, पण ते गौण. त्याला खरंच चांगले ब्रेक हवे असतील तर सीलबंद डॉट ४ ऑइल भरून घ्यावं, डिस्कवर छापलेल्या किमान जाडीशी तिची जाडी ताडून पाहावी, कंपनीच्याच दर्जाचे पॅड घालावेत आणि टायरची तारीख बघावी. कॉलेजच्या गाडीला याहून जास्त लागत नाही.

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर रात्री पोरं गाड्यांच्या शर्यती लावतात, ते मला ठाऊक आहे. ट्रॅकवर मोकळी माती असते, झेंडेवाले असतात, रुग्णवाहिका उभी असते. पाम बीचवर यातलं काही नाही, तिथे माणसं असतात. माझ्या लेखात हा फरक एका ओळीनेही सांगितलेला नव्हता, ते चुकलंच. आज सकाळी लेखाच्या अगदी वर ती ओळ घातली आहे: हे सामान ट्रॅकवरच्या गाडीसाठी आहे, रस्त्यावरच्या गाडीला लावू नका.

रविवारी सकाळी नऊ ते एक आम्ही गाळ्यावर असतो. पत्ता मेलवर कळवतो, भाच्याला घेऊन या. त्या अकराव्या फेरीनंतर काढलेले पॅड मी जपून ठेवले आहेत, कडा भाजून पांढऱ्या पडलेल्या. त्याने ते हातात घेऊन बघावेत. त्यानंतरही ट्रॅकवर यायचं म्हणाला तर एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेच्या, लायसन्सचा अर्ज मी त्याच्यासोबत बसून भरून देईन. पहिला महिना मात्र त्याने आमच्या गाडीची हवा मोजायची आणि वही लिहायची.