शून्य कुठे धरलंय?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री पावणेदोनच्या सुमारास आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. काकूंनी दार वाजवलं, रुग्णवाहिकेला फोन झाला, ठिकाण मीच माझ्या मोबाइलवरून पाठवलं. गाडी लगेच निघाली, रस्ते मोकळे होते, आणि तरीही ती आमच्या दारात आली नाही. ती आली सोसायटीच्या मागच्या गल्लीत, कुंपणाच्या भिंतीपलीकडे. भिंतीवरून आम्हाला तिचा दिवा फिरताना दिसत होता आणि ड्रायव्हर फोनवर सांगत होता, "मी पोचलोय, तुम्ही कुठे आहात?"

मागच्या बाजूला दार नाही. पुढच्या गेटला यायचं तर गल्लीच्या तोंडापर्यंत परत जाऊन, मुख्य रस्त्याला लागून, पुढच्या चौकातून वळून यावं लागतं. आमचा वॉचमन भिजत धावत गेला आणि गाडीत बसून तिला घेऊन आला. अकरा मिनिटं गेली. काका आज बरे आहेत, रोज सकाळी फिरायला जातात. पण ती अकरा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत, कारण ती कशात गेली हे आमच्या इमारतीत बहुधा मला एकटीलाच नेमकं कळत होतं.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. त्यातली गेली आठ वर्षं मालवाहतुकीच्या गाड्यांचे मार्ग काढणाऱ्या प्रणालीवर काम करते आहे. असा प्रोग्राम सगळ्यात आधी काय करतो? दिलेल्या बिंदूपासून सर्वांत जवळचा रस्ता शोधतो आणि गाडी तिथे नेऊन उभी करतो. आमचा फ्लॅट इमारतीच्या मागच्या अंगाला. तिथून मागची गल्ली पंधरा पावलांवर, पुढचा रस्ता लांब. मध्ये सात फुटी भिंत आहे आणि गेट दुसऱ्याच बाजूला आहे, हे नकाशात कुणी भरलेलंच नव्हतं. उपग्रह चुकले नव्हते, मोबाइल चुकला नव्हता, ड्रायव्हर तर अजिबातच नाही. तो सांगितलेल्या जागी अगदी बरोबर पोचला होता.

त्यानंतर काही महिन्यांनी मी नवा फोन घेतला. कामासाठी लागतोच, पण खरं सांगायचं तर मला या वस्तूंचं मनापासून वेड आहे. हा फोन उपग्रहांचे दोन वेगवेगळ्या कंप्रतांवरचे (फ्रीक्वेन्सींवरचे) संदेश ऐकतो, १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ. साध्या फोनवर ही सोय २०१८ मध्ये पहिल्यांदा आली. तिचा उपयोग काय ते पुण्याच्या पेठांत कळतं. अरुंद बोळात उपग्रहाचा संदेश थेट येत नाही, समोरच्या इमारतीवर आपटून येतो. तेवढा त्याचा रस्ता लांबतो आणि फोनला वाटतं आपण पलीकडे आहोत. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे चूक व्हायला किती कमी उशीर पुरतो बघा. दुसऱ्या कंप्रतेवरच्या संदेशाची रचना अशी आहे की थेट आलेला आणि आपटून आलेला वेगळा काढणं सोपं जातं. मी दोन्ही फोन खिशात घालून बुधवार पेठेतून तुळशीबागेपर्यंत चालले. जुन्या फोनची रेघ वाड्यांच्या भिंतींतून आरपार गेली होती. नव्याची बहुतेक बोळातच राहिली. उपग्रहांच्या यादीत नाविकचे, म्हणजे भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन प्रणालीचे, उपग्रहही दिसत होते. ते बघून मला फार बरं वाटलं.

ही रेघ घेऊन मी बाबांना दाखवायला गेले. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण), स्टाफ (खुणांची उभी पट्टी) आणि साखळी घेऊन कालव्यांच्या कडेने त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीन नीट बघितली आणि विचारलं, "शून्य कुठे धरलंय?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग आम्ही दोघं वेताळ टेकडीवर गेलो आणि फोनची कच्ची उंची बघितली. ती नकाशातल्या उंचीपेक्षा पन्नास मीटरहून जास्त कमी आली. फोन बिघडलेला नव्हता. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीसाठी मानलेल्या एका गुळगुळीत, गणिती लंबगोलापासून. समुद्राची सपाटी त्या लंबगोलाला धरून चालत नाही, आणि आपल्या भागात ती त्याच्या बरीच खाली आहे. मुंबईच्या चौपाटीवर उभं राहिलात तर ही कच्ची उंची चक्क उणे येते. चांगलं ॲप ही दुरुस्ती आतल्या आत करून घेतं म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. बाबा म्हणाले, "अगं, आकडा कितीही बारीक आला तरी बेंचमार्क, म्हणजे मोजायला धरलेला बिंदू, कुठला ते आधी लिहायचं. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं." मीही आता कामावर आलेल्या नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. शिवाय अक्षांश-रेखांशांचा क्रम. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८५ उलटे लिहिले तर गाडी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात, बेअर आयलंडच्या जवळ जाऊन पडते.

घराचं शून्य कुठलं, हाच खरा प्रश्न आहे. प्लॉटचा मध्य, मालकाच्या फोनची जागा, की गेट? गाडीच्या दृष्टीने उत्तर एकच आहे. आणि ते उत्तर आकाशातून मिळत नाही. नवा फोन त्या रात्री माझ्या हातात असता तर रुग्णवाहिका मागच्याच गल्लीत, फक्त अजून नेमक्या जागी उभी राहिली असती.

पुण्यातल्या जुन्या लोकांनी हा प्रश्न फार आधी सोडवला होता. पेठेतले घरांचे नंबर ओळीने लागत नाहीत हे ज्यांनी तिथे घर शोधलंय त्यांना ठाऊक आहे. म्हणून पत्ता देवांवर टांगलेला. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती. "जिलब्या मारुतीपासून आत, डाव्या हाताचा दुसरा बोळ, जिन्याखालून वाट आहे." या एका वाक्यात सुरुवातीचा बिंदू आहे, दिशा आहे, आणि शेवटचं प्रवेशद्वारही आहे. शेवटची पंचवीस पावलं कशी चालायची ते त्यात आहे. मला रोज ज्या पत्त्यांशी झगडावं लागतं, त्यांत नेमकं तेच नसतं.

आणि नावांचं काय झालंय बघा. नकाशात आपली गावं आधी रोमन लिपीत जातात आणि मग यंत्र ती परत देवनागरीत आणतं. रोमनमध्ये न आणि ण एकच, ल आणि ळ एकच. म्हणून बाणेरचं बानेर होतं, पाषाणचं पाशन, आळंदीचं अलंदी. तीन वर्षांपूर्वी आम्ही ड्रायव्हर लोकांसाठी मराठी नकाशा करायला घेतला तेव्हा अजून एक दुखणं कळलं. आम्ही वापरत होतो ते नकाशा रंगवणारं सॉफ्टवेअर एकेक अक्षरखूण उचलून डावीकडून उजवीकडे मांडत जायचं. देवनागरी अशी मांडून चालत नाही. पहिली वेलांटी टंकतात व्यंजनानंतर, पण दिसते त्याच्या आधी. शिवाजीनगरची पहिली वेलांटी श सोडून पुढे जाऊन बसली. पर्वतीचा रफार खाली उतरून पाय मोडका र् झाला. स्वारगेटचा स् वेगळा पडला. बैठकीत एकाने सुचवलं, इंग्रजीच ठेवू, सगळ्यांना वाचता येतं. नाही येत सगळ्यांना. आणि येत असलं तरी ज्या गावात माझा जन्म झाला त्याचं नाव मोडकं दाखवायची माझी तयारी नव्हती. दोन महिने लागले, आम्ही नावांची चित्रं सर्व्हरवर आधी तयार करून पाठवायला लागलो. बीडकडचा एक ड्रायव्हर पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, आता मॅप आपल्यासारखा बोलायलाय." नोकरीत मला मिळालेली ही सर्वांत मोठी पावती आहे.

श्रीराम भिकाजी वेलणकर हे नाव आपल्याकडे पुरेसं घेतलं जात नाही. संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला सहा आकडी पिनकोड ही त्यांची देणगी. एकाच नावाची कितीतरी गावं, चुकीचे शुद्धलेखन, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, या गोंधळातून पत्र नीट पोचावं म्हणून त्यांनी तो रचला. भाषा जाणणाऱ्या माणसाने पत्त्याचा प्रश्न सोडवला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता २०२५ च्या मेपासून टपाल खात्याचा डिजिपिन आलाय. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीने केलेला, दहा अक्षर-आकड्यांचा. देशाचा जवळजवळ चार मीटर बाय चार मीटरचा प्रत्येक चौकोन त्यात ओळखता येतो. चांगली गोष्ट आहे, मी घरच्यांना सगळ्यांना काढून दिलाय. पण तो काढताना हॉलमधल्या सोफ्यावर बसून काढू नका. खाली उतरा, गेटात उभे राहा आणि तिथला काढा. चार मीटरचा चौकोन दिवाणखान्याचा असेल तर गाडी पुन्हा मागच्या गल्लीत जाईल.

त्या रात्रीनंतर मी आमच्या सोसायटीचं गेट दोन ठिकाणी भरलं. सगळ्यांच्या फोनमध्ये असतो त्या नकाशात दुरुस्ती सुचवली, ती दोनदा नाकारली गेली आणि तिसऱ्यांदा फोटोसकट पाठवल्यावर स्वीकारली गेली. कारण कळलं नाही. दुसरं ठिकाण म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला हा नकाशा कुणीही भरू शकतो आणि कुणीही वापरू शकतो. तिथे मी भिंत काढली, गेटचा बिंदू टाकला, इमारतीचं मुख्य दार टाकलं आणि मराठी नावाच्या रकान्यात मराठी नाव लिहिलं. वीस मिनिटांचं काम. वीस मिनिटं, आणि मी या इमारतीत नऊ वर्षं राहते आहे.

आता रविवारी सकाळी दोन तास मी हेच करते. कोथरूड आणि कर्वेनगरमधल्या जवळपास सत्तर सोसायट्यांची गेटं भरून झाली आहेत. एक नियम कडक पाळते. दुसऱ्या कुठल्याही नकाशात बघून नाव उतरवायचं नाही, ती चोरी आहे. स्वतः चालायचं, पाटी वाचायची, फोटो काढायचा. रात्री कुलूप लागणारं गेट कुठलं, ते वॉचमनला विचारायचं. ही माहिती वॉचमन, दूधवाले आणि पेपर टाकणारी मुलं यांच्याइतकी कुणाकडेच नसते. भिडे पुलावर पाणी कधी येतं हे जसं खडकवासला धरणाचा विसर्ग ऐकून नदीकाठच्या माणसाला आधी कळतं, तसंच हे.

सोसायटीच्या सभेत एका काकांनी विचारलं, असा नकाशा करणं कायद्यात बसतं का. रास्त प्रश्न होता. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नवे नियम आणले, तेव्हापासून भारतीय नागरिकाला किंवा संस्थेला नकाशाची माहिती गोळा करायला आधी परवानगी लागत नाही. संवेदनशील जागांचे निर्बंध आहेत, ते मी पाळते. लष्कराच्या हद्दीत मी काही भरत नाही आणि कुणाच्या घराचं मालकाचं नावही लिहीत नाही.

माझ्या क्षेत्रातल्या मित्रमैत्रिणींना कळकळीने सांगते. पुण्यात आपण किती जण आहोत! हिंजवडीला, खराडीला, मगरपट्ट्याला बसून जगभरच्या गाड्यांचे रस्ते काढतो आपण. आपल्या आईवडिलांच्या घराचं गेट नकाशात बरोबर आहे का, हे आज बघा. संध्याकाळी घरी गेल्यावर मागच्या गल्लीतून एकदा चालत या. आणि नाव मराठीत लिहा, ण ला ण आणि ळ ला ळ. कसं भरायचं ते माहीत नसेल तर मला मेसेज करा, मी येईन बरोबर, सुट्टीच्या दिवशी कुठेही.

गेल्या रविवारी बाबा बरोबर आले होते. वय एक्याऐंशी. माझ्या हातात फोन होता आणि त्यांच्या हातात खात्यातली जुनी आडव्या पानांची वही. प्रत्येक गेटाशी ते थांबायचे, गेटाची रुंदी पावलांनी मोजायचे आणि लिहायचे. मी म्हटलं, बाबा, रुंदी कशाला? ते म्हणाले, "रुग्णवाहिका आत जाते की नाही ते नको का लिहायला?"

तो रकाना मी भरतच नव्हते. आता पहिल्या सत्तर सोसायट्यांकडे परत जायचंय.