मालिका संपल्यावर फोन कोण उचलणार?

सोलापुरात मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत सध्या वाद पेटलाय. एका मराठी मालिकेत बालविवाहाचं कथानक येणार आहे आणि निर्मात्यांनी संस्थेला सोबत यायला बोलावलंय. तरुण कार्यकर्ते एका पायावर तयार आहेत. जुनी मंडळी म्हणतात, टीव्हीवाल्यांच्या मागे फिरण्यापेक्षा तेवढ्या पैशात चार मुली वसतिगृहात ठेवू. माझी चुलतबहीण तिथे काम करते. तिने दोन्ही बाजू सांगितल्या तेव्हापासून इथे ब्रिटनमध्ये, बर्मिंगहॅमलाही माझ्या डोक्यात तेच चालू आहे.

विषय किरकोळ नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं, आपल्या सोलापूर जिल्ह्यात सुमारे ४० टक्के.

माझं मत आधीच सांगते. संस्थेने जावं, पण पाहुणी म्हणून नव्हे.

बीबीसी रेडिओवर ‘द आर्चर्स’ ही खेड्यातल्या कुटुंबाची मालिका १९५१पासून चालू आहे. युद्धानंतर अन्नटंचाई होती आणि शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती पोचवायची होती, म्हणून कृषी मंत्रालयाच्या मदतीने ती सुरू झाली. याच मालिकेत हेलन नावाच्या बाईला नवरा हळूहळू कसा ताब्यात घेतो, तिच्या मैत्रिणी कशा तोडतो, हे कित्येक महिने ऐकवलं गेलं. मारहाण न करता जोडीदाराला असं धाकात ठेवणं इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१५पासून गुन्हा ठरलं. कायदा पुस्तकात होता. तो घराघरांत पोचवला हेलनने. पीडित महिलांसाठी काम करणाऱ्या संस्था लेखकांना सल्ला देत होत्या, आणि २०१६मध्ये एका श्रोत्याच्या आवाहनावर लोकांनी ‘रेफ्यूज’ या संस्थेसाठी लाखाहून जास्त पौंड जमवले. अशा भागानंतर मदतीचा नंबर सांगतात, आणि त्या नंबरावर माणूस भेटतो.

पण इकडचं सगळं तिकडे चालेल असं मी म्हणत नाही. इथे बीबीसी लोकांच्या परवाना शुल्कावर चालते. आपल्या वाहिन्यांना दर आठवड्याला टीआरपी बघावा लागतो. टीआरपी घसरला की सोळा वर्षांच्या नायिकेचं लग्न थांबायच्या ऐवजी थाटामाटात लागेल आणि हळदीचे तीन भाग चालतील, ही जुन्या मंडळींची भीती मला खरी वाटते. १९८४मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘हम लोग’ कुटुंबनियोजन आणि स्त्रियांच्या दर्जासाठीच रचली होती. तरी अभ्यासकांना आढळलं की अनेक प्रेक्षकांना आदर्श वाटली ती सगळं सोसणारी आई भागवंती. लिहिणाऱ्यांना नेमकं उलटं हवं होतं.

आणि करमणुकीतून समाजकार्य आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला नको. मे १९४७मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, त्याआधी ते राज्यभर फिरले होते, आणि राष्ट्र सेवा दलाचं कलापथक गाणी घेऊन त्यांच्यासोबत होतं. शाहीर अमर शेख तर बार्शीचेच. अलीकडे २०१९मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत बार्शी तालुक्यातलं सुर्डी पहिलं आलं. टीव्हीवर आमिर खान दिसला, हे खरं. पण त्याआधी गावोगावच्या लोकांना प्रशिक्षण मिळालं होतं, म्हणून कार्यक्रम बघून उठलेल्या माणसाला कुदळ कुठे मारायची ते कळत होतं.

बालविवाहात ती कुदळ कोणती? ऊसतोडीला जाणाऱ्या आईला लेकीचं लग्न लवकर करू नये हे ठाऊक नाही असं थोडंच आहे! वयात आलेली पोर सहा महिने कुणाच्या भरवशावर घरी ठेवायची, हा तिचा प्रश्न आहे. वसतिगृहात जागा नसेल तर कितीही सुंदर भाग तिला काय देणार? म्हणून वसतिगृह की मालिका, हा वादच मला चुकीचा वाटतो. मालिका बघून आलेल्या आईला वसतिगृहाचा पत्ता देता आला पाहिजे, एवढी तयारी आधी हवी.

बहिणीला मी हेच लिहिलंय. पटकथा लिहिली जाताना संस्थेचं माणूस खोलीत हवं आणि नको ते दृश्य थांबवण्याचा अधिकार करारात लेखी हवा. भागाच्या शेवटी १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर ठळक दिसावा, आणि गावात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकाची आहे हे कथेतच यावं. शिवाय आपलं सोलापूर एका भाषेचं नाही. शहराच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, कितीतरी मोहल्ल्यांत उर्दू. पुणेरी मराठीतली मालिका त्यांच्यापर्यंत पोचलीच असं धरून चालू नये. त्याच कथेचे छोटे प्रयोग त्या त्या भाषेत, वस्तीत जाऊन करावे लागतील. त्याचा खर्च निर्मात्यांकडून मागा, संकोच करू नका.

आणि तारीख. अक्षय्य तृतीयेला लग्नं उरकली जातात. भाग त्यानंतर दाखवला तर त्या वर्षीच्या मुलींना त्याचा उपयोग नाही. कथानक जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या सुमारास सुरू व्हायला हवं, म्हणजे सुपारी फुटायच्या आत फोन येतील.