"डॉक्टरला सिगरेटचा खरा आकडा सांगू नका" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझा मामा कळव्याला राहतो. वय 63, सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये झाली, सिगरेट सोडून सहा वर्षं झाली. मामी मागे लागली म्हणून गेल्या महिन्यात छातीच्या डॉक्टरांकडे गेला, फुफ्फुसाच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग, म्हणजे काही त्रास नसताना लो-डोस सीटी (कमी किरणांचा स्कॅन) काढून तपासणी, करून घ्यावं का एवढंच विचारायला. डॉक्टरांनी विचारलं सिगरेट किती ओढायचात, तर हा म्हणतो "कधीतरी, मित्रांबरोबर". मग गरज नाही म्हणाले, विषय संपला. मामी शेजारी बसून ऐकत होती, तिथे काही बोलली नाही, पण घरी आल्यावर विचारलं की खोटं का बोललात, तर त्याने मोबाईल पुढे केला.

मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरचा. थोडक्यात असा: स्कॅनचा एक डोस म्हणजे 500 एक्सरे, त्यानेच कॅन्सर होतो. 100 पैकी 96 रिपोर्ट चुकीचे येतात. साधा एक्सरे क्लिअर असेल तर बाकी काही लागत नाही. सुई टोचली की कॅन्सर पसरतो. हळद-गुळाचा काढा सात दिवस घेतला की फुफ्फुस धुऊन निघतं. आणि शेवटी, डॉक्टरला सिगरेटचा खरा आकडा सांगू नका, सांगितलात की टेस्टच्या चक्रात अडकलात. ऐरोलीत आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही हाच फिरतोय आणि लोक खाली हात जोडतायत.

शेवटच्यापासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतंय. हे स्क्रीनिंग सरसकट सगळ्यांसाठी नसतंच. कोणाला करायचं ते वय आणि सिगरेटच्या हिशोबावरच ठरतं. अमेरिकेत 2021 पासूनचा नियम असा की वय 50 ते 80, निदान 20 पॅक-इयर, आणि अजून ओढतोय किंवा सोडून 15 वर्षांच्या आत. पॅक-इयर म्हणजे रोजची पाकिटं गुणिले वर्षं, पण तिथे पाकीट 20 सिगरेटचं धरतात. आपल्याकडे टपरीवर दहाचं पाकीट मिळतं, एकेक सुटी सिगरेटही मिळते, म्हणून "रोज एक पाकीट" एवढं सांगूनही भागत नाही, दहाचं की वीसचं ते सांगावं लागतं. मी आणि मामीने बसून मामाचा हिशोब केला. दिवसपाळीला दहाचं एक, रातपाळीला दोन, म्हणजे सरासरी रोज 15, अशी 32 वर्षं. 15 भागिले 20 गुणिले 32, झाले 24. डॉक्टरांच्या कागदावर मात्र जवळजवळ शून्य लागलंय! त्यांनी दिलेला सल्ला शून्यवाल्या माणसासाठी बरोबरच होता, फक्त तो माणूस माझा मामा नव्हता. बिडीवाले तर मोजतच नाहीत, पानाची असते, हलकी असते म्हणतात. बिडीनेही फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, तीही सांगायची, किती आणि किती वर्षं ते सकट.

आता 96 चं. हा आकडा हवेतला नाही, हे मान्य करावं लागतंय. अमेरिकेत 2002 पासून 53 हजारांवर लोकांना घेऊन मोठी ट्रायल झाली, अर्ध्यांचं लो-डोस सीटी, अर्ध्यांचा एक्सरे, तीन वर्षं दरवर्षी, निकाल 2011 मध्ये आला. त्यात सीटीच्या दर चार तपासण्यांमागे साधारण एकीत काहीतरी दिसलं, आणि जे दिसलं त्यातलं 96 टक्के कॅन्सर नव्हतं. म्हणजे 96 टक्के हे "काहीतरी दिसलं" अशा रिपोर्टांपैकी, सगळ्या रिपोर्टांपैकी नाही. त्यातले बहुतेक नुसता पुन्हा स्कॅन करून निकालात निघाले. त्याच ट्रायलमध्ये सीटीवाल्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 20 टक्के कमी झाले, ते मेसेजवाल्याने गाळलंय. आणि फायदा केवढा तेही नीट सांगायला हवं, साधारण 320 जणांचं स्क्रीनिंग केलं तेव्हा एकाचा जीव वाचला. आपल्याकडे टीबीचे जुने डाग खूप जणांच्या फुफ्फुसात असतात त्यामुळे घाबरवणारे रिपोर्ट जास्तच येणार, आणि सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, फुफ्फुसाची नाही, म्हणजे खर्च आपलाच. "मला नको" असं कोणी ठरवलं तर ते चूक नाही, पण हे सगळं ऐकून, डॉक्टरांशी बोलून ठरवावं. अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने, 2015 मध्ये पहिल्या स्कॅनआधी डॉक्टर-पेशंटचं असं बोलणं सक्तीचंच केलं. आपल्याकडे ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, बाहेर 40 जण बसलेले, कबूल, पण त्या पाच मिनिटांतही पेशंटने खोटं सांगितलं तर हातात काय राहतं?

500 एक्सरे साफ खोटं. लो-डोस सीटी साधारण दीड मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), छातीचा एक एक्सरे 0.1 च्या आसपास, म्हणजे 15 एक्सरे. जमीन-हवा-अन्नातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 असंच मिळतं.

एक्सरे क्लिअर म्हणजे निश्चिंत, हेही नाही. दीड लाखावर लोकांवरच्या दुसऱ्या एका अमेरिकन ट्रायलमध्ये दरवर्षी एक्सरे काढून मृत्यू कमी झाले नाहीत, लहान गाठ त्यात दिसतच नाही कितीदा.

तपासणीसाठी गाठीत सुई घालून तुकडा काढतात, त्या सुईने पसरणं अत्यंत क्वचित होतं, उलट तुकडा तपासल्याशिवाय कुठला कॅन्सर, कुठलं औषध हेच ठरत नाही. सुईच्या भीतीने लोक सहा-सहा महिने घरी बसतात आणि मग परळला टाटात नाहीतर खारघरला जातात तेव्हा पसरलेलाच असतो, सुई न लावता. काढ्याबद्दल एवढंच की धोका सिगरेट सोडल्याने कमी होतो आणि त्याला वर्षं लागतात, दहाएक वर्षांनी ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. सात दिवसांत नाही.

आणि हे सगळं ज्याला काही त्रास नाही त्याच्यासाठी. खोकल्यातून रक्त येतंय, आवाज बसलाय तो सुटत नाहीये, वजन उतरतंय, तर स्क्रीनिंग करू का नको याचा विचार करत बसू नका, सरळ दाखवायला जा.

मामाची शनिवारी परत अपॉइंटमेंट आहे. मामीने फाईलच्या मागे लिहून ठेवलंय: दहाचं पाकीट, रोज दीड, 32 वर्षं, बंद करून 6. स्कॅन करायचा की नाही ते तिथे बोलून ठरवतील, आधी हा कागद डॉक्टरांच्या हातात जाणार.