उल्का जास्त पडतात म्हणून नव्हे

अंटार्क्टिकात सापडणाऱ्या उल्कांवर तुम्ही छापलेल्या लेखात 'अंटार्क्टिकावर उल्का जास्त पडतात' असं वाक्य आहे, ते दुरुस्त करावं ही विनंती. तिथे त्या जास्त पडत नाहीत, जास्त सापडतात. उल्का सगळीकडेच पडतात. आमच्या खानापूर तालुक्यातही पडत असणार. पण इथला पाऊस त्यातलं लोखंड गंजवतो, आणि उरलंसुरलं जांभ्याच्या नाहीतर काळवत्रीच्या दगडांत कोण ओळखणार?

तिकडे बर्फात पडलेला दगड गाडला जातो आणि बर्फाबरोबर हळूहळू सरकतो. वाटेत डोंगर आडवा आला की बर्फ वर चढतो, कोरडा वारा तो झिजवतो आणि हजारो वर्षांपूर्वी पडलेले दगड निळ्या बर्फावर उघडे पडतात. १९६९ मध्ये जपानी पथकाला अंटार्क्टिकातल्या यामातो डोंगराजवळ असे नऊ दगड सापडले, ते वेगवेगळ्या जातींचे निघाले, म्हणजे एकाच वेळी पडलेले नव्हते, आणि तिथूनच पद्धतशीर शोध सुरू झाला. मंगळावरून आलेला एएलएच ८४००१ नावाचा प्रसिद्ध दगडही अंटार्क्टिकातच, ॲलन हिल्स इथे सापडला.

लेखात तापमानवाढीचा उल्लेखच नाही, याचं फार वाईट वाटलं. काळा दगड उन्हानं तापतो आणि हवा थोडी जरी गरम झाली तरी खालचा बर्फ वितळवून आत जातो. २०२४ च्या एका अभ्यासानुसार वर्षाला सुमारे ५,००० उल्का अशा हाताबाहेर जात आहेत. बेळगावातल्या शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावं, मुलं कान देऊन ऐकतील.