'लपून बसतात' हा शब्द पटला नाही
जीवाणू पेशीत 'लपून बसतात' म्हणून प्रतिकारशक्तीला सापडत नाहीत, हे तुमच्या जीवाणूंवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. क्षयाच्या जीवाणूला मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळून मारणारी आपली पेशी, स्वतःच गिळते, म्हणजे तो सापडलेलाच असतो! खरी करामत त्यानंतरची. गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो, ती फॅगोसोम, पाचक द्रव्यांनी भरलेल्या लायसोसोमला जाऊन मिळायला हवी. हा जीवाणू नेमकं तेच होऊ देत नाही. आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट या संशोधकांनी १९७१ मध्येच हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं. पिशवी आम्लधर्मी होऊन तिचा सामू (पीएच) ५ पर्यंत खाली यायला हवा, तो ६ च्या वरच अडकून राहतो. एम.एस्सी.ला असताना झील-नील्सन पद्धतीने (यात क्षयाचे जीवाणू लाल दिसतात) रंगवलेली काचपट्टी पाहिली होती: निळ्या पेशीच्या पोटात बारीक, जरा वाकलेल्या तीन-चार लाल काड्या. जिने मारायचं तिच्याच पोटात धडधाकट! ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

शिवाय सगळ्यांना एकाच शब्दात कसं बसवायचं? लिस्टेरिया हा जीवाणू तर पिशवी फोडून बाहेर पडतो, पेशीच्याच सांगाड्यातल्या प्रथिनाची, म्हणजे अ‍ॅक्टिनची शेपटी करून स्वतःला शेजारच्या पेशीत ढकलतो. रक्तातल्या प्रतिपिंडांशी त्याची गाठच पडत नाही. कॉक्सिएला या जीवाणूला उलट पिशवीतलं ते आम्लच लागतं, त्यातच तो वाढतो. आणि प्रतिकारशक्तीच्या टी पेशींकडून इंटरफेरॉन-गॅमा या प्रथिनाचा निरोप मिळाला की तीच मॅक्रोफेज कशी चवताळून उठते, यावर लेखात एक ओळही नाही. ती बाजू कृपया जरूर लिहा.