सगळ्यांनी ‘मजेत आहे’ असं नाही लिहिलं

लेखात म्हटलंय की अमेरिकेत गेलेले सुरुवातीचे इंग्रज घरी ‘इकडे सगळं छान’ असंच कळवायचे. नाही पटलं. व्हर्जिनियात करारावर राबणाऱ्या रिचर्ड फ्रेथॉर्नचं १६२३ चं पत्र वाचा. आईबापांना सरळ लिहितो की इथे मटार आणि पातळ पेज सोडून काही मिळत नाही, अंगावर एकच फाटका जोड, झगा सोबतच्याने चोरला, माझ्यावर जीव असेल तर पैसे भरून मला सोडवा. आणि ते जमत नसेल तर निदान खायला पाठवा, चीज पाठवलंत तर जुनंच पाठवा, पिंपात भरताना प्रत्येक चीजच्या मध्ये लाकडाच्या ढलप्या घाला नाहीतर जहाजाच्या तळातल्या उष्म्याने नासेल!

ते ढलप्यांचं वाचून मला भरूनच आलं, पोरगं उपाशी आहे आणि पॅकिंग कसं करायचं ते आईला समजावतंय. माझे बाबा मस्कतहून कायम ‘मी ठीक, काळजी नसावी’ लिहायचे, तिथे दोन महिने पगार थकला होता ते आम्हाला ते परत आल्यावर कळलं. म्हणून रिचर्डचं खरं बोलणं मला फार मोठं वाटतं, लेखात त्याला जागा हवी होती.