मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा!

चार वर्षांमागं आशुऱ्याच्या दिवशी मी शाळेच्या ग्रुपवर हे टाकलं होतं. सोबत फुलांचं चित्र. एका मुस्लिम सहकाऱ्यांनी संध्याकाळी फोन केला, "सर, इमाम हुसेन करबलात शहीद झाले तो हा दिवस. शुभेच्छा कशाच्या देता?" रागावले नव्हते, हसतच बोलले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण गावाकडं मोहरमात सवारी (पंजाची मिरवणूक) उठायची तेव्हा अलाव्याभोवती, म्हणजे जाळाच्या खड्ड्याभोवती, मी नाचलेलो आहे. आईचा नवस असायचा सवारीला. पण इ. स. ६८० ची ती लढाई कशापायी झाली, हे बी.एड. होईस्तोवर कुणी सांगितलं नाही अन् मीही विचारलं नाही.

"आपल्याकडं सगळे मिळूनमिसळून राहतात." शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी जाती-धर्माच्या पूर्वग्रहांचा विषय काढला की पहिलं वाक्य हेच येतं. ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच लिहून ठेवलंय की नुसत्या शेजारानं पूर्वग्रह जात नाही. दोघांचा दर्जा सारखा पाहिजे, दोघांना मिळून करायचं काम पाहिजे अन् वरच्यांचा त्याला पाठिंबा पाहिजे. आता आपला वर्ग बघा. मालकाचं लेकरू अन् सालगड्याचं लेकरू एका बाकावर बसतं, खिचडी एका पंगतीत खातं. शाळा सुटली की एक वाड्यात जातं, एक वस्तीवर. दर्जा कुठं सारखा झाला?

आणि शिकल्यानं आपोआप डोकं साफ होतं म्हणावं, तर नामांतर आठवा. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा विधिमंडळात ठराव झाला अन् मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. विरोधात कॉलेजची पोरं पुढं होती. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

विद्यापीठात या सगळ्याचा अभ्यास होतो, चर्चासत्रं होतात, चहा-बिस्किटं होतात. तालुक्याच्या शिक्षकापर्यंत त्यातलं काय येतं? काही नाही. "सर, शाळेत धर्म चालत नाही, घटनेचं कलम २८ आहे," असं एक जण हमखास म्हणतो. अहो, सरकारी शाळेत बंदी आहे ती धर्माची दीक्षा द्यायला. धर्मांविषयी माहिती द्यायला नाही. हा फरक शिक्षणावरच्या कोठारी आयोगानं केला होता, २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केला.

मी सुरुवात पैठणपासून करतो. तिथल्या संत एकनाथांचं हिंदू-तुर्क (म्हणजे मुसलमान) संवादाचं भारूड दोन शिक्षकांकडून वाचून घेतो, बाजू अदलाबदल करून. त्यातले दोघं आधी एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ टिंगल करतात, समेट शेवटी होतो. समोरच्याची टिंगल वाचताना सगळे खुशीत असतात. स्वतःच्या देवाची वाचायची पाळी आली की आवाज बारीक होतो. तिथं मी थांबवतो अन् विचारतो, "आत्ता काय झालं?" त्यानंतरची दहा मिनिटं माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा मोलाची असतात.

पुढच्या शिक्षण परिषदेत यासाठी एक तास मागितलाय. केंद्रप्रमुख म्हणाले, "देऊ की. आधी यू-डायसची, शाळेच्या सरकारी आकडेवारीची, माहिती तेवढी भरून टाका."